मुशीत गेलेली नाणी

माझं माहेर ठाण्याचं आणि सासर कल्याणचं. वडील मराठी शाळेत पंतोजी होते, म्हणून मला लिहितावाचता येत होतं. सासरी त्याचा कुणाला उपयोग नव्हता. सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं, सोनारकामाचं दुकान घराच्या ओटीवरच होतं. एका अंगाला भट्टी, समोर गिऱ्हाइकांची बैठक, आणि मधल्या दाराच्या आत घर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. मामंजी, हे, मी आणि आमची वर्षाची मुलगी, एवढीच आम्ही माणसं.

दुकानात मोडीला आलेलं जुनं रुपं, म्हणजे चांदी, धुण्याचं काम माझ्याकडे होतं. तुटके वाळे, झिजलेल्या साखळ्या, दबलेली भांडी, सगळं चिंचेच्या कोळात भिजत घालायचं, मग रांगोळीने खसाखसा घासायचं. मळ गेला की वजन खरं कळतं, असं मामंजी म्हणत. माझ्या बोटांच्या पेरांतला काळेपणा सणावारालासुद्धा जात नसे. हळदीकुंकवाला गेले की मी हात पदराखाली ठेवी.

त्या वर्षी दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. दुपारी एक आगरी माणूस फडक्यात काहीतरी बांधून ओटीवर आला. दिवा गावाच्या अलीकडे खाडीकाठी त्याचं गाव. तो आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या लग्नातले बायकोचे वाळे मामंजींनीच घडवले होते. श्रावणातल्या उधाणाने त्याच्या खारजमिनीचा बांध फुटला होता. तो नव्याने घालायला त्याने माती उकरली, तेव्हा खाली मडकं लागलं.

"शेट, यो बगा," म्हणत त्याने फडकं सोडलं. "बांद खनताना मना गावला. कुनाचा हाय, देव जाने."

मी दाराआडून पाहत होते. हिरवट काळ्या टिकल्यांचा एक गोळाच होता तो. अधोलीभर, अर्धी पायली तरी असतील. एकमेकींना चिकटून बसलेल्या, मातीने भरलेल्या. मामंजींनी नखाने एक सोडवली, ऐरणीवर आपटून पाहिली, जिभेवर ठेवली आणि म्हणाले, "रुपं आहे. चांगलं आहे."

"सरकारान दावाला लागल का वो?" त्याने विचारलं.

मामंजी हातातली टिकली पुन्हा निरखू लागले. जमिनीत सापडलेलं धन कचेरीत कळवायचं, हा कायदा त्यांना ठाऊक होता. सगळ्याच सोनारांना तो ठाऊक होता. ह्यांनीच उत्तर दिलं, "दाखवायला गेलास तर वर्षभर कचेरीच्या पायऱ्या झिजवशील. मडकं तिथे राहील आणि तू हात हलवत घरी येशील. रुपं म्हणून देतोस तर आत्ता घेतो."

त्याने मामंजींकडे पाहिलं. विश्वास त्याचा त्यांच्यावर होता. मामंजी म्हणाले, "तुझं तू ठरव." इतकंच. आज मला वाटतं, ते नको म्हणाले असते तर तो फडकं बांधून निघून गेला असता.

तो गोळा माझ्याकडे आला. मी परसात विहिरीपाशी बसले. तो माणूस पाणी प्यायला मागच्या दारी आला आणि तिथेच उकिडवा बसून राहिला. आपलं रुपं डोळ्यांसमोर असावं असं त्याला वाटत असेल. चिंचेचं पाणी लागलं तशा टिकल्या सुट्या होऊ लागल्या. दुअन्नीएवढी लहान लहान नाणी. एका बाजूला माणसाचं तोंड, दुसऱ्या बाजूला डोंगरासारखं काहीतरी, त्याच्यावर चंद्र आणि चांदणी. कडेने बारीक अक्षरं फिरलेली. मला बाळबोध येत होतं, मोडी येत होती. ही अक्षरं दोन्हींतली नव्हती.

"यांना मिशी हाय गो बाय," तो वाकून बघत म्हणाला, आणि हसला. "राजा आसल."

मीही हसले. मुलगी माझ्या शेजारी मातीत खेळत होती. घासताना एक नाणं मला वेगळं दिसलं. बाकी सगळ्या राजांचं तोंड उजवीकडे, ह्या एकाचं डावीकडे. मी ते बाजूला ठेवून पुन्हा पुन्हा बघत होते.

"तो तू ठेव," तो म्हणाला. "पोरीला बांध. माजी भेट."

मी नको म्हटलं. त्याने ते उचललं आणि मुलीच्या मुठीत दिलं.

संध्याकाळच्या आत सगळी नाणी मुशीत गेली. हे भात्यावर बसले होते. राजे वितळले, वर थोडा मळ आला, तो खरवडून काढला आणि रुप्याची लगड झाली. पुढे त्याचे तोडे झाले, गोठ झाले, पाळण्याचे खुळखुळे झाले. मुलीच्या मुठीतल्या नाण्याला ह्यांनी नाकं जोडलं आणि ते तिच्या करगोट्यात ओवलं. त्या माणसाला वजनाचे पैसे मिळाले. किती दिले ते मला माहीत नाही. तो मात्र खुशीत गेला.

त्यानंतर काही महिन्यांनी, उन्हं तापू लागली तेव्हा, ठाण्याचे एक गृहस्थ आमच्याकडे येऊ लागले. कचेरीतून पेन्शन घेऊन घरी बसलेले होते. त्यांना जुन्या नाण्यांचा नाद होता. भिवंडी, कल्याण, वसई, जिथे सोनार असेल तिथे ते जात, मोडीचं टोपलं उलटं करायला लावत आणि आवडलेलं नाणं वजनापेक्षा जास्त पैसे देऊन नेत. घरात त्यांना आम्ही पेन्शनर म्हणत असू. ते ओटीवर बसले की मी दाराच्या आत सुपात तांदूळ घेऊन बसायची. त्यांचं बोलणं मला माहेरच्यासारखं वाटे.

"सोनारबुवा, नाण्याचा वैरी चोर नव्हे, तुम्ही लोक," ते मामंजींना हसत हसत म्हणत. "चोर निदान नाणं नाणं म्हणून विकतो."

त्यांच्याजवळ एक फडकं असे. त्यावर ते दोनचार नाणी मांडून दाखवीत. एकदा ह्यांनी विचारलं, "नाणं जितकं जुनं तितकं मोलाचं, असंच ना?"

"मुळीच नाही," पेन्शनर म्हणाले. "हे बघा, हे हजार वर्षांचं आहे. ह्या मुलखात नांगर घातला की निघतं. कोण विचारतो? आणि ही शिवराई. बाजारात पोत्याने मिळेल. पण हिच्यावरचं एक अक्षर उलटं आहे, दिसतं का? साचा खोदणाऱ्याच्या हातून चूक झाली. ती कुणाच्या लक्षात आली, साचा मोडला. तेवढ्यात जी पाचपन्नास पडली असतील ती पडली. त्यांतली किती गहाळ झाली, किती वितळली. मी वीस वर्षांत ही एकच पाहिली."

मग त्यांनी सावकाश सगळं सांगितलं. एखादा राजा चार महिने गादीवर बसतो आणि मारला जातो; त्याच्या नावाची नाणी पाडायला वेळच मिळालेला नसतो. कुणी पुढचा राजा गादीवर येतो आणि आधीच्याची नाणी गोळा करून आपल्या टाकसाळीत वितळवतो. दुष्काळात लोक घरातलं जुनं रुपं विकतात. असं करत करत ज्याची थोडकीच उरतात, ते मोलाचं. शिवाय कड कापलेली नसावी, अक्षरं पुसलेली नसावीत, भोक पाडलेलं नसावं.

"आणि धुवू नये," ते म्हणाले. "जमिनीतून निघालेल्या नाण्यावर जो काळा थर असतो तो त्याची कातडी आहे. लोक चिंचेने घासून लख्ख करतात आणि मला आणून दाखवतात. बघवत नाही."

मी दाराच्या आत हात पदराखाली घेतले.

तर असेच एका दिवशी पेन्शनर बैठकीवर बसले होते आणि आमची मुलगी दुडदुडत ओटीवर गेली. अंगावर फक्त करगोटा. त्यांनी तिला उचललं, आणि त्यांचं बोलणं मधेच थांबलं. त्यांनी खिशातून भिंग काढलं. मुलगी त्यांच्या मांडीवर चुळबुळत होती आणि ते तिच्या पोटाशी डोळा नेऊन बसले होते.

"हे कुठलं?" त्यांचा आवाज बदलला होता.

हे म्हणाले, "असंच आलं मोडीत."

"नाकं कुणी जोडलं?"

"मीच."

"अरेरे," ते म्हणाले. "आणि घासलंयही. तरीसुद्धा." ते पुन्हा भिंगातून पाहू लागले. "ह्या घराण्यातल्या राजांची तोंडं सगळी उजवीकडे. डावीकडचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलंही नाही. अक्षरं नीट वाचायला हवीत. त्यांच्यात राजाचं नाव असतं, बापाचं नाव असतं, आणि डोक्यामागे सालसुद्धा असतं." त्यांनी एक रक्कम सांगितली. ह्यांच्या हातातली फुंकणी खाली पडली. त्या किमतीत आमचं परस आणि विहीर विकत आली असती.

"ठिकाण कळलं तर आणखी देईन," पेन्शनर म्हणाले. "ठिकाण माहीत नसलेलं नाणं मुकं असतं. कुठे निघालं, कशात निघालं, बरोबर दुसरी कुठली होती, हे कळलं तर त्याचं मोल दुप्पट होतं."

मामंजींनी ह्यांच्याकडे पाहिलं. मी दाराआडून पाहिलं. ह्यांनी गावाचं नाव सांगितलं. माणसाचं नावही सांगितलं.

"बरोबर दुसरी?"

"नाही. एकच आणलं होतं त्याने."

मी करगोटा सोडून नाणं काढून दिलं. मुलगी रडली. तिला आम्ही दुसरा मणी ओवून दिला.

पेन्शनरांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला आजही सांगावंसं वाटतं. त्यांनी आनंदाच्या भरात ठाण्यातल्या एका साहेबाला नाणं दाखवलं. साहेबालाही हाच नाद. साहेब म्हणाला, बांधाखाली एकटं नाणं कसं राहील, तिथे मडकं असणार. गोष्ट कचेरीत गेली, कचेरीतून मामलेदाराकडे, आणि एके सकाळी शिपाई त्या गावात उतरले. त्यांना बांधापाशी मडक्याची खापरं सापडली. खापरांच्या आतल्या बाजूला नाण्यांचे हिरवे गोल डाग होते. मडकं भरलेलं होतं, एवढं सिद्ध झालं. नाणी कुठे आहेत, हे विचारायला त्या माणसाला धरून नेलं.

त्याने खरं ते सांगितलं. कल्याणच्या सोनाराला दिली, त्याच्या सुनेने माझ्यासमोर धुतली.

फौजदार दोन शिपाई घेऊन आमच्या ओटीवर आला. भट्टी उकरली, मुशी पालथ्या घातल्या, कपाटातलं रुपं तपासलं. तोड्यांत आणि गोठांत राजाचं तोंड कुठे दिसणार? ह्यांनी सांगितलं, एकच नाणं आलं होतं, ते विकलं, घेणाऱ्या गृहस्थांना विचारा. मामंजी जमिनीकडे पाहत, ह्यांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.

मग फौजदार मधल्या दाराशी आला. "बाई, तो म्हणतो तुम्ही नाणी धुतलीत. खरं काय ते सांगा. तुम्हाला कुणी काही करणार नाही."

मी अर्धं दार लोटून उभी होते. फटीतून ह्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी मला काही खूण केली नाही. करण्याची गरज नव्हती. नवरा आणि सासरा तुरुंगात गेले तर मी मुलीला घेऊन कुठे जाणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"मी मोड धुते," मी म्हणाले. "नाणी पाहिली नाहीत."

"एकही नाही?"

"एक पाहिलं. मुलीच्या कमरेला होतं."

"धुताना पुष्कळ नाणी होती, असं तो म्हणतो."

"नव्हती."

फौजदार गेला. दुपारी मी पानं वाढली. तिघंही जेवलो.

चारपाच दिवसांनी मागच्या दारी एक बाई आली. लुगडं गुडघ्यापर्यंत, पायांना खाडीचा चिखल वाळलेला, पायांत मामंजींनी घडवलेले वाळे. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. ती पायरीवर बसली.

"तू धुतलंस कना गो बाय?" ती म्हणाली. "त्यानं घरी येऊन सांगितलं मना. सोनाराची सून आमचे रुप्यानं हात काले करून बसली, तिची पोर लय गोड हाय, तिला एक नाना दिला मी. असा बोलला. तू सांग गो. बाईमानसाचा ऐकतील ते."

"मला काही ठाऊक नाही," मी म्हणाले.

"तुला म्हाईत हाय." तिने आवाज चढवला नाही. "पोलिसांनी आमचे घरान भुई खनली. चूल खनली. माजे सासूला म्हातारीला उठवून तिचे हातरुनाखाली खनलं. नाय गावला तर त्याला मारतान. म्हनतान, सांग, कुठं लपवलंस. आता नाय तो कसा सांगल?"

मी आत गेले आणि सुपात तांदूळ घेऊन आले. तिने तांदळांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं ती सूप उधळून देईल. तिने पदर पसरला. घरी दोन मुलं होती. तांदूळ घेतले, गाठ मारली आणि गेली.

त्या दिवशी मी ह्यांच्याशी पहिल्यांदा वाद घातला. "आपण वितळवली म्हणून सांगितलं तर तो सुटेल," मी म्हटलं.

"तो सुटणार नाही," हे म्हणाले. "त्याने कळवलं नाही, हा त्याचा गुन्हा आहेच. फक्त त्याच्याबरोबर आम्ही दोघं जाऊ. तुला तेच हवंय का?"

"निदान मार तरी थांबेल त्याचा."

हे उठून ओटीवर गेले. मामंजी देवापाशी बसले होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. ते पोथीचं एकच पान किती तरी वेळ धरून बसले.

खटला झाला. नाणी लपवून ठेवली आणि सांगत नाही, म्हणून त्याला वर्षाची सक्तमजुरी झाली. नाणी परत केली असती तर शिक्षा हलकी झाली असती, असं बाजारात लोक म्हणत. पाऊस संपायच्या आत तो तुरुंगात तापाने गेला. ही बातमी आम्हाला मिठाच्या होडीवरच्या नावाड्याने सांगितली. तो दुकानाशी तंबाखू मळत उभा होता आणि सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "त्यो मडकेवाला मेला बगा." मामंजींच्या हातात कुणाच्या तरी बारशाचे वाळे होते. ते त्यांनी खाली ठेवले. त्या दिवसापासून मामंजींनी मोडीचं रुपं घेणं बंद केलं. कुणी घेऊन आलं की म्हणत, दुसरीकडे जा.

पेन्शनर पुन्हा आले ते दसऱ्याच्या सुमाराला. हे बाहेर गेले होते आणि मामंजींचा डोळा लागला होता. पेन्शनर खुशीत होते. साहेबाने नाण्याचा ठसा कुठल्याशा मोठ्या पंडिताकडे पाठवला होता. अक्षरं लागली. त्यावरच्या राजाचं नाव आजवर कुठल्याच यादीत नव्हतं. बापाचं नाव ओळखीचं, मुलाचं नवं. "एक राजा सापडला, मुली," ते दाराकडे तोंड करून म्हणाले. "कुणाला माहीत नव्हतं की हा माणूस होऊन गेला."

का कोण जाणे, तेव्हा मला राहवलं नाही. मी दारामागूनच म्हणाले, "मडकंभर होती."

"काय म्हणालीस?"

"अधोलीभर नाणी होती. मी धुतली. ह्यांनी वितळवली. तो माणूस खरं बोलत होता."

मी दार थोडं उघडलं. ते भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी विचारलं, "त्यांत डावीकडे तोंड असलेली आणखी होती?"

"नाही. हे एकच मला दिसलं. पण सगळी मी निरखून पाहिली नव्हती. घासत गेले आणि टोपल्यात टाकत गेले."

"सगळी वितळली?"

"सगळी."

"म्हणजे आता हे जगात एकच," ते म्हणाले.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्या चेहऱ्यावर दुःख होतं, खरोखरीचं होतं. पण त्या वाक्याबरोबर दुसरंही काही क्षणभर येऊन गेलं. ते त्यांना स्वतःलाही कळलं असावं, कारण त्यांनी लगेच दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाले, "तो माणूस कुठे असतो आता?"

"तो मेला," मी म्हणाले. "तुरुंगात."

ते उठले. त्यांनी पागोटं घातलं. "मी हे कुणाला सांगू? सांगितलं तर तुझं घर बुडेल. न सांगितलं तर..." त्यानंतर ते आमच्याकडे कधी आले नाहीत. कचेरीतही त्यांनी काही कळवलं नाही. नाणं त्यांच्याजवळच राहिलं, की साहेबाकडे गेलं, मला माहीत नाही.

मार्गशीर्षात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मी मुलीला घेऊन ठाण्याला निघाले. आगगाडी होती, पण सामान बरंच होतं म्हणून ह्यांनी मला आणि सोबतीला आमच्या म्हाताऱ्या मोलकरणीला मिठाच्या होडीत बसवून दिलं. ओहोटीबरोबर होडी खाली निघाली. वाटेत नावाडी म्हणाला, अमक्या गावाशी गोण्या भरायला थांबणार, भरती लागायच्या आत निघू. ते तेच गाव होतं. मला आधी माहीत नव्हतं. कदाचित माहीत असतं तर मी आगगाडीनेच गेले असते.

मी मुलीला कडेवर घेऊन उतरले. घर कुणी दाखवावं लागलं नाही. दारासमोर उकरलेल्या मातीचे ढीग होते. आत भुईच नव्हती. जिकडे तिकडे कमरेइतके खड्डे, त्यांत खारं पाणी झिरपून साचलेलं. एका बाजूची भिंत खचली होती. हे सगळं पोलिसांचं काम नव्हतं. कुदळींच्या काही खुणा ताज्या होत्या.

ती मागच्या बाजूला खोपट घालून राहत होती. मला पाहून उठली नाही. तिच्या पायांत वाळे नव्हते. कपाळावर एक जुनी जखम होती.

"मी सांगायला आले," मी म्हणाले. "मी धुतली होती. मी खोटं बोलले."

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली. "आता कुनाला सांगतेस?"

मी मुलीला मांडीवर घेऊन तिच्यासमोर बसले.

"मना सांगून काय?" ती म्हणाली. "गावाला सांग. गाव म्हनतो हंडा माजेकरं हाय. त्यानं मरताना मना जागा सांगितली म्हनतान. दोन दीर हायत, ते येतान, खनतान. मना मारतान. कपाल बग. पोरांना पानवठ्यावर कोन येऊ देत नाय. मजुरीला बोलवत नाय कोन. म्हनतान, रुप्यावर बसलेय, तिला काम कशाला."

मी तशीच उठले. देवळापुढे पारावर पाचसात पुरुष बसले होते. त्यांत गावचा पाटील होता. जन्मात मी परक्या पुरुषांसमोर तोंड उघडलं नव्हतं. मोलकरीण माझा पदर ओढत होती, "बाई, चला, होडी सुटेल." मी पारासमोर उभी राहिले आणि सांगितलं की मी कल्याणच्या सोनाराची सून. ह्या गावच्या माणसाने आणलेली नाणी मी माझ्या हाताने धुतली. आमच्या घरात त्याच दिवशी ती वितळवली. त्यांचे तोडे झाले, गोठ झाले, बाजारात विकले गेले. हंडा नाही. ह्या बाईजवळ काही नाही. फौजदाराने विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले, ते खोटं होतं.

मग एक दणकट माणूस उठला, तो तिचा दीर असावा. तो म्हणाला, "तेव्हा नाय बोललीस, आज कशी बोलतेस? तिनं तुना त्यातला काय दिला?"

पाटील त्याला म्हणाला, "बस खाली." आणि मला म्हणाला, "जा बाय तू. भरती लागल."

ती पाराच्या टोकाला येऊन उभी राहिली होती. मी तिच्या जवळून गेले. ती माझ्याकडे बघत नव्हती, पारावरच्या माणसांकडे बघत होती. कुणाला पटलं, कुणाला नाही, ते मोजत असावी.

होडीवरच्या माणसांकडून हे कल्याणला कळायला वेळ लागला नाही. बहिणीच्या लग्नाला हे आले नाहीत. लग्नानंतर चार दिवसांनी आले, वडिलांच्या ओसरीवर उभ्याउभ्या मला म्हणाले, "काय बोललीस तिथे?"

"झालं तेवढं बोलले."

"कुणी कचेरीत जाऊन सांगितलं तर?"

"तर मी तिथेही तेच सांगेन."

ते पाणीही न घेता परत गेले. मला न्यायला दीड वर्ष कुणी आलं नाही. तेवढ्या काळात मी वडिलांच्या मदतीने आळीतल्या मुलींना अक्षरं शिकवू लागले. कचेरीत कुणी गेलं नाही. मेलेल्या आगऱ्यासाठी कोण जाणार होतं?

शेवटी मामंजी स्वतः मला न्यायला आले. फार थकले होते. आगगाडीत मुलीला मांडीवर घेऊन बसले. मुंब्र्याचा डोंगर मागे पडला तेव्हा म्हणाले, "नको म्हणायला हवं होतं मी. पहिल्याच दिवशी." खरं होतं ते. त्यांची समजूत काढायला माझ्याजवळ काही नव्हतं. पुढच्या वर्षी ते गेले. ह्यांनी दुकान चालू ठेवलं. आम्ही एका घरात राहिलो, आणखी दोन मुलं झाली, पण त्या दुपारबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

त्या बाईची हकीकत अधूनमधून नावाड्याकडून कळे. दिरांची खणाखणी आणखी एक पावसाळा चालली, मग त्यांनी नाद सोडला. पाटलाने तिला बांधाच्या कामावर मजुरीला घेतलं. थोरला मुलगा हाताशी आल्यावर तिने घराची भिंत पुन्हा उभी केली. भुई मात्र कितीही भरली तरी खचतच राहिली, असं नावाडी म्हणत असे.